माचाखालचा झोका

पाण्याला आपण भीत न्हाई. एकोणीस वर्सं पलटणीत काढली, त्यातली बारा नुसते पूल बांधण्यात. नेफात, म्हंजे तिकडं चीनच्या हद्दीला, अशा नद्या हायत की सकाळी गुडघ्याला आणि दुपारी गळ्याला! त्यांच्यावर आमी लाकडी पूल टाकले आणि त्यावरनं खेचरं गेली, तोफा गेल्या, एकदा एक जाडजूड ब्रिगेडियर साहेब बी गेले. तवा असल्या नद्या गप करणाऱ्या माणसाला घरापुढची पंधरा फूट जागा कोरडी ठेवता येत न्हाई, असं कुणाला म्हणायचं असंल तर त्यानं समोर यावं, असं मी छाती ठोकून बोललो.

तर माझी बायको बनुबाई समोर आली. एक वल्लं लाकूड माझ्या मांडीवर ठेवून ती म्हणली, "ह्यो बघा तुमचा पूल." आणि आत गेली.

आता हे समजायला आमचं घर बघाय पायजे. मेढ्याच्या वर चार मैलांवर डोंगराच्या अंगाला आमचं गाव. सपाट जागा म्हणाल तर ताटातली. पेन्शनीत आल्यावर मी दारापुढं, उताराच्या बाजूला, ऐनाचे खांब रोवले आणि त्यावर फळ्यांचा माच उभा केला. नेफातली घरंच तशी असत्यात. वर बसावं, बिडी वढावी आणि खालची भातखाचरं बघावी. माच बघायला चार गावची माणसं आली आणि माझ्या बिड्या संपवून गेली. माचाखाली माणूस ताठ उभा ऱ्हाईल एवढी जागा हुती. तिथं आमची शेरडं आणि जळण.

फक्त एक झालं. फळ्या पावसात फुगत्यात म्हणून मधी फटी सोडाव्या लागत्यात. आणि आमच्याकडं पाऊस भेटायला येत न्हाई, मुक्कामाला येतो. चार महिने वरचं सगळं पाणी फटींतनं खाली. जळण वल्लं, शेरडं वल्ली, चुलीत नुसता धूर. बनुबाई दिवसभर पदरानं डोळे पुसायची. इचारलं तर म्हणायची, धुरानं. मी बी धुरानंच म्हणून सोडून द्यायचो. खरं कारण आटपाडीला हुतं आणि ते आमा दोघांना बी ठावं हुतं.

आमची मनु तिकडं दिलेली. एकुलती एक लेक. सत्तर साली लगीन झालं आणि पयल्या पंचमीला ती माहेरी आली. पंचमीला लेकीनं माहेरी झोका घ्यायचा, हे तुमाला सांगाय नको. मी उंबराला कासऱ्याचा झोका बांधला. पोरगी चार दिवस पावसात झोका खेळली, आणि जी तापानं फणफणली ती तशीच सासरी गेली. पंधरा दिवस अंथरुणात. तिची सासू म्हणली, ह्या माहेराला सून धाडायची म्हंजे कोरडी द्यायची आणि वल्ली घ्यायची. पुन्ना श्रावणात धाडायची न्हाई. श्रावणात न्हाई म्हंजे पंचमीला न्हाई. आणि पुढं तर त्यांच्याकडं दुष्काळच पडला. पोरगी सरकारी कामावर खडी फोडत हुती, सुकडी खात हुती, हे आमाला दुसऱ्याकडनं कळायचं. तिच्या पत्रात एकच ओळ असायची, आमी सर्व खुशाल.

एकाहत्तरची पंचमी गेली, बहात्तरची गेली. दोन्ही वेळंला बनुबाईनं उंबराखाली जाऊन नुसत्या फांदीकडं बघितलं आणि माघारी आली. तवा त्र्याहत्तरच्या आषाढात मी ठरवलं, झोका उंबराला बांधायचाच न्हाई. माचाखाली बांधायचा! वर माच, खाली कोरडं, मधी पोर. पावसानं लांब उभं राहून बघावं.

मी लगेच व्याह्यांना कार्ड टाकलं की जागा कोरडीठाक केली हाय. केली नव्हती, पण इंजिनेर माणसानं काम ठरवलं म्हंजे अर्धं झालंच. नानासोंचं, म्हंजे माझ्या व्याह्यांचं, उत्तर आलं. ते स्वता सुनेला घेऊन पंचमीच्या सकाळी येणार. जागा डोळ्यांनी बघणार. कोरडी असंल तर मनु आठ दिवस ऱ्हाईल, नसंल तर दुसऱ्या दिवशीच्या एस्टीनं परत. सही आणि खाली रेघ.

बनुबाईनं ते कार्ड माझ्याकडनं तीनदा वाचून घेतलं. मग म्हणली, आता तुमच्या सगळ्या नद्या ह्या एका दिवसात हायत.

मी कामाला लागलो. पयल्यांदा माचावर शेणमातीचा बोटभर थर दिला, वर राख चोपली. तीन दिवस एक थेंब खाली आला न्हाई. चौथ्या दिवशी थेंब न्हाई, सगळा थरच खाली आला. आमची पांढरी शेळी तांबडी झाली आणि तांबडी वळखूच येईना. दोघी माझ्याकडं अशा बघत हुत्या की मी दोन दिवस दूध काढाय बनुबाईला धाडलं.

मग मी शेजारपाजारची इरली गोळा केली. बायका खाचरात वाकल्या की पाठीवर घेत्यात ती, बांबूची आणि पानांची. लावणी उरकली हुती, तवा म्हणलं पडलेलीच हायत. अकरा इरली फळ्यांखाली कौलासारखी एकावर एक बांधली. झकास दिसत हुतं. पण दुसऱ्या दिवशी भातातलं तण काढायची भांगलण निघाली आणि अकरा बायका माझ्या दारात. शेजारची राहीबाई तर माचाखाली उभी राहून मला काय काय बोलली ते मी इथं सांगत न्हाई. जाताना तिनं तिचं इरलं नेलं आणि आमचं बी नेलं.

शेवटी मी मेढ्याला कुतुबुद्दीनकडं गेलो. बाजारात त्याचं पत्र्याचं दुकान. डबे, चिमण्या, नरसाळी, पन्हळी. वाकडा पत्रा त्याच्या हातात गेला की शहाणा हुतो. माणूस कमी बोलतो, ते बी हातोडीच्या दोन ठोक्यांच्या मधी. तो येऊन माच बघून गेला. म्हणला, हवालदार, वरनं पाणी अडवू नका, त्याला फटींतनं येऊ द्या. खाली, तुळयांच्या पोटाला, आपण पत्रा मारू, उतार देऊ, आणि कडंला पन्हळ. पाणी पत्र्यावर पडंल, पन्हळीत जाईल, भाईर.

तेलाचे डबे फोडून, ठोकून सपाट करून, घडीला घडी घालून आणि कथलाचे डाग देऊन त्यानं आठ दिवसांत असा पत्रा मारला की मी खालनं बघतच राहिलो. फक्त एक गोष्ट त्यानं इचारली. पन्हळीतनं पडलेलं पाणी पुढं कुठं घालवणार?

मी म्हणलो, ते माझ्यावर सोड. चर खणतो मी. एक तासाचं काम.

"आधी वाट करावी, हवालदार. मग पाणी बोलवावं," कुतुबभाई म्हणला.

मी हसलो. नेफात मी किती खंदक खणलेत ह्याला काय ठावं! शिवाय चर आधी खणला तर पंचमीपतोर गाळानं भरंल, त्यापेक्षा पंचमीच्या सकाळी ताजा, स्वच्छ, रेघेत चर खणावा, व्याह्यांच्या डोळ्यात भरंल, असा माझा हिशेब. आणि अजून एक शानपणा मी केला. पन्हळीचं तोंड पुढच्या बाजूला बरं दिसत न्हाई म्हणून ते घराकडच्या, वरच्या कोपऱ्यात घ्यायला लावलं. कुतुबभाईनं एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा उताराकडं बघितलं, आणि हातोडी मारली.

दोन दिवस उघडीप पडली. माचाखालची माती ठणठणीत वाळली. बनुबाईनं सारवलं, रांगोळी काढली. मी नवा कासरा आणून पुढच्या तुळईला झोका बांधला आणि आधी स्वता बसून बघितला. तुळई बोलली न्हाई. बनुबाईनं पाटावर चादरीची घडी घातली, ती काढून दुसरी घातली, आणि दोन वर्सांत पयल्यांदा मला न मागता च्या दिला.

पंचमीची सकाळ उजाडली आणि पाऊस कोसळला. नुसता कोसळला न्हाई, वरनं कुणीतरी ओततंय! मी आधी माचाखाली पळालो. वर बघितलं, थेंब न्हाई. एक थेंब न्हाई! पन्हळीतनं मनगटाएवढी धार पडत हुती. मी टाळी वाजवली आणि मग खाली बघितलं.

धार पडत हुती वरच्या कोपऱ्यात. पाणी उताराला लागतं, आणि उतार हुता माचाखालनं. आभाळातनं जे पाणी पयलं फटीफटींतनं थेंब थेंब यायचं, ते मी पत्रा मारून, पन्हळ लावून, सगळं एका जागी गोळा करून, झोक्याखाली आणून सोडलं हुतं. रांगोळी तरंगत भाईर चालली हुती.

घाबरायचं काम नव्हतं. एक चर, एक तास. एस्टी अकराला. मी कुदळ घेतली, अंगरखा काढला, आणि पयला घाव घालणार तेवढ्यात बनुबाई वारुळाच्या पूजेचं ताट घेऊन दारात आली. माझ्या हातातली कुदळ बघून तिच्या तोंडचं पाणीच पळालं.

"आज पंचमी हाय," ती म्हणली. "आज भुईला लोखंड लागायचं न्हाई."

आता खरं सांगतो. एकोणीस पंचम्या मी पलटणीत काढल्या. पलटणीत पंचमी असो का अमुशा असो, साहेबानं खण म्हणलं की खणायचं. पंचमीला खणायचं न्हाई, चिरायचं न्हाई, तवा ठेवायचा न्हाई, जमिनीतल्या नागाला इजा हुती, हे आमच्या गावात शेंबड्या पोराला ठावं. आणि मी, ह्याच गावात जलमलेला माणूस, नेमका पंचमीच्याच सकाळी चर खणायचा बेत करून आठ दिवस ऐटीत फिरत हुतो!

मी समजूत घालाय लागलो. म्हणलं, दोन हात लांबीचा तर चर, नाग काय नेमका तिथंच बसलाय? बनुबाईनं ताट खाली ठेवलं, माझ्या हातातनं कुदळ काढून घेतली, आडवी टाकली आणि तिच्यावर बसली. सणाचं लुगडं नेसलेली माझी बायको भर पावसात कुदळीवर बसून राहिली. मी गुंडा नावाच्या शेजाऱ्याकडं गेलो, त्यानं आपली कुदळ पोत्यात घालून माळ्यावर टाकली.

तेवढ्यात डोंगर चढून कुतुबभाई आला. पयल्या मोठ्या पावसात आपले डाग टिकले का बघायला आला हुता. मला वाटलं, देवानंच धाडला. मी त्याला बाजूला घेतलं आणि हळूच म्हणलं की बाबा, ह्यो सण आमचा, तुला काय अडचण न्हाई, तू दोन घाव घाल.

त्यानं आधी वरचे डाग तपासले. मग म्हणला, "हवालदार, नाग चावताना धर्म इचारतो व्हय? माझ्या आज्यानं कवा पंचमीला खणलं न्हाई, बापानं न्हाई. मी बी न्हाई खणणार." आणि धोतर खोचून कोपऱ्यातलं घमेलं उचललं. उपसायला बंदी नव्हती.

मग काय! मी, कुतुबभाई, गुंडा आणि कुदळ हातातनं न सोडता बनुबाई, अशी आमची पलटण उभी राहिली. घागर, घमेलं, परात, कळशी, सगळं पाणी उचलायचं आणि पुढच्या दगडी बांधावरनं खाली फेकायचं. दहा घागरी फेकल्या की बारा आत. अंगातनं वाफा निघत हुत्या आणि पाणी घोट्यावरनं हलत नव्हतं. माझ्या डोक्यात एकच, दुसऱ्या दिवशीची एस्टी.

आणि अकराला वळणावर छत्री दिसली. पुढं पांढरा पटका, नानासो. मागं बोचकं घेतलेली एक काळी, वाळलेली बाई. मला वाटलं, मनु आली न्हाई, दुसऱ्याच कुणाला घेऊन आले. ती जवळ आली, "आप्पा" म्हणली, तवा कुठं कळलं. खोटं कशाला सांगू, माझी पोर मला वळखू आली न्हाई. हात तर माझ्या हातापेक्षा खरबरीत. बनुबाईनं तिला पोटाशी धरलं, मधी कुदळ तशीच.

मी इकडं नानासोंच्या तोंडाकडं बघत हुतो. माणूस जागच्या जागी थांबला हुता. माझ्या हातात भरलेली घागर हुती, निम्मी ओतलेली. मी बोलाय सुरुवात केली, की पावणं, एरवी हितं कोरडंच असतं, आजच जरा, उद्या सकाळी चर खणला की बघा. ते ऐकत नव्हते. घागरीकडं बघत हुते.

"हे पाणी तुमी टाकताय?" त्यांनी इचारलं.

आवाज असा की मी कुणाचं तरी लेकरू टाकतोय. त्यांनी माझ्या हातातनं घागर घेतली, सावकाश पायरीवर ठेवली. मग पन्हळीजवळ गेले, धारंखाली हात धरला, वास घेतला, तोंडात घेतलं. छत्री मिटून कुतुबभाईच्या हातात दिली. पटका काढून त्याच्या डोक्यावर ठेवला. आणि अंगरख्या-धोतरासकट त्या धारंखाली जाऊन उभे राहिले.

अर्धा तास! आमी सगळे भांडी हातात धरून उभे. मधनं एकदा त्यांनी डोळे उघडले आणि मला म्हणले, "मानसिंगराव, तीन वर्सं झाली. वल्लं फडकं फिरवून अंघोळ म्हणतोय मी." आणि पुन्ना डोळे मिटले. मला त्या माणसाचा जो राग हुता तो त्या धारंबरोबर कुठं गेला कळलंच न्हाई.

मनु माचाखाली गेली. लुगडं गुडघ्यापतोर उचलून पाण्यात उभी राहिली. झोका बघितला, चादरीची घडी बघितली, मग मान वर करून पत्रा बघितला.

"ह्यो कशाला मारलाय, आप्पा?"

मी छाती पुढं काढली. म्हणलं, तुझ्यासाठी. एक थेंब अंगावर येणार न्हाई.

तिनं पत्र्याला हात लावून बघितला. मग म्हणली, "आटपाडीला बी येत न्हाई, आप्पा."

एवढंच. पण मला तो पत्रा कुणी डोक्यात घातल्यासारखं झालं. तीन वर्सं जी पोर आभाळाकडं बघत खडी फोडत हुती, तिच्यासाठी मी माहेरी पंधरा फूट आटपाडी बांधून ठेवली हुती! मी म्हणलं, पोरी, उद्याच काढतो सगळं. ती म्हणली, ऱ्हाऊ द्या. आणि झोक्यावर बसली, पाण्यात पाय मारला. झोका पुढच्याच तुळईला हुता. तो मागं गेला, पुढं आला, आणि माचाच्या भाईर निघाला, पावसात. परत आत. पुन्ना पावसात. निम्मा झोका कोरडा, निम्मा वल्ला. दर वेळंला भाईर गेली की पोरगी तोंड वर करायची. पाचव्या-सहाव्या झोक्याला ती हसली, आणि तवा मला माझी मनु वळखू आली. बनुबाईनं तवा कुठं कुदळ सोडली.

पंचमीची पुरणाची दिंडं खाऊन नानासो जे हुडहुडले, ते संध्याकाळी तापानं फणफणले. सुनेला ताप येतो म्हणून माहेर बंद केलेलं, आणि ताप आला सासऱ्याला! मनुनं आटपाडीला कार्ड टाकलं की मामंजींना बरं न्हाई, आठ दिवस लागतील. तिकडनं विहिणीचं उत्तर आलं, की आता ह्यांना बी श्रावणात कुठं धाडायचं न्हाई.

पंचमीच्या दुसऱ्या सकाळी मी चर खणला. एक तासच लागला. जागा अशी वाळली की तुमी तिथं पापड घालावेत. पण त्या कोरड्या जागेत आठ दिवस बसलं कोण? नानासोंची धोतरं. ते स्वता पन्हळीजवळ बाजलं टाकून पाण्याचा आवाज ऐकत पडायचे, मनु पावसात शेरडं घेऊन जायची आणि बनुबाई तिच्या मागनं इरलं घेऊन. राहीबाईनं नेलेलं तिनं भांडून परत आणलं हुतं.

नवव्या दिवशी मनु गेली. जायच्या आधी नानासोंनी कुतुबभाईकडनं दहा फुटी एक पन्हळ करून घेतली आणि एस्टीच्या टपावर चढवली. मला ऱ्हावलं न्हाई. म्हणलं, पावणं, तिकडं पाऊस न्हाई, पन्हळ घेऊन काय करणार? ते कुतुबभाईकडं बघून म्हणले, "ह्यांनीच सांगितलं. आधी वाट करावी, मग पाणी बोलवावं." एस्टी हलली. मनुनं खिडकीतनं हात भाईर काढला, आमच्यासाठी का पावसासाठी, मला ठरवता आलं न्हाई.

भादव्याच्या शेवटाला तिचं कार्ड आलं. मी चुलीपुढं बसून बनुबाईला वाचून दाखवलं. आमी सर्व खुशाल. पन्हळ लावली. परवा रातच्याला वाजली, सगळी गल्ली ऐकाय उठली. मामंजी म्हणत्यात, पाऊस असाच येत राहिला तर पुढच्या श्रावणात रानात हात कमी पडतील, तवा पंचमीचं तेव्हा बघू.

मी म्हणलं, लय चांगलं झालं, पाऊस आला. बनुबाई म्हणली, व्हय, लय चांगलं झालं. आणि पदरानं डोळे पुसाय लागली.

आता चुलीत माचाखालचं जळण हुतं. खणखणीत वाळलेलं. धुराची एक रेघ नव्हती. आणि मी मूर्ख, ते बोलून दाखवलं. म्हणलं, लाकडं तर कोरडी हायत, मग डोळ्यांना काय झालं?

तिनं वल्ल्या डोळ्याकडं बोट केलं. मग म्हणली, "एवढ्या नद्यांवर पूल टाकलेत न्हवं? मग मारा आता हितं पत्रा."

मी कार्ड कोनाड्यात ठेवलं. पन्हळ नीट वाहतीया का बघून येतो, असं सांगून भाईर माचावर आलो आणि बराच वेळ बसलो. त्या दिवशी पाऊस नव्हता.